ग्रिन्यार पावसाळ्यात होत नाही?

खान्देशात एमएस्सीच्या पोरांना सीनियर सांगतात, ग्रिन्यार (मॅग्नेशियम आणि सेंद्रिय हॅलाइड ईथरमध्ये घेऊन ग्रिन्यार रिएजंट बनवायची अभिक्रिया) मे महिन्यातच लावा, पावसाळ्यात सुरूच होत नाही. हे खरं नाही. पाणी या रिएजंटला मारतं, हे बरोबर. पण ते बहुतेकदा ओल्या ईथरमध्ये आणि फ्लास्कच्या काचेवर असतं. काच ओव्हनमध्ये तापवा, ईथर नीट कोरडा करा, हवेतली ओल अडवणारी कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावा, श्रावणातही जमतं. मॅग्नेशियमवरचा ऑक्साइडचा थर अडवत असेल, तर आयोडीनचा एखादा खडा पुरतो.

उलट जपायचं ते मे महिन्यात! डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतो आणि भुसावळचा पारा तेव्हा ४४ अंशांपर्यंत चढतो. वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरला गच्चीवरच्या टाकीचं गरम पाणी दिलं, तर वाफ निसटते, पेट घेऊ शकते. बर्फाचं पाणी फिरवा, किंवा ईथरऐवजी ६६ अंशांना उकळणारं टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे द्रावक घ्या.