बाळगुटी

तान्ह्या मुलाला सहाणेवर उगाळून बोटाने चाटवण्यात येणाऱ्या काष्ठौषधींचा समूह. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा व सागरगोटा ही द्रव्ये त्यात बहुधा आढळतात. पोषणासाठी बदाम आणि खारीक जोडतात. सासर-माहेरच्या रीतीप्रमाणे यादी बदलते.

मात्रा वजनाने नव्हे, सहाणेवर द्रव्य गोल फिरवण्याच्या वेढ्यांनी मोजतात. आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात प्रत्येक द्रव्याचा आरंभी एक वेढा देतात व वयाबरोबर वेढे वाढवतात. जायफळाने गुंगी येत असल्यामुळे ते हात राखून वापरतात, तर पोटात मुरडा असल्यास मुरुडशेंग अधिक उगाळतात. हाताचा दाब, सहाणेचा खरखरीतपणा आणि द्रव्याचे जुनेपण यांनुसार एका वेढ्यात उतरणारा अंश बदलतो. त्यामुळे दोन घरांतील गुटी एकच समजून काढलेले निष्कर्ष सावधपणे घ्यावे लागतात.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही वैद्य ती थेट काश्यपसंहिता या बालरोगविषयक आयुर्वेदीय ग्रंथातील लेहाध्यायाशी, म्हणजे चाटणांवरील अध्यायाशी, जोडतात. त्या अध्यायात धुतलेल्या दगडावर पाण्याबरोबर सोने घासून ते मध व तूप यांसह शिशूला चाटवण्याचा विधी आहे, तसेच बुद्धिवर्धक लेहांत ब्राह्मी, त्रिफळा, चित्रक, वचा (वेखंड) इत्यादींचा उल्लेख आहे. उगाळण्याची कृती आणि हिरडा, बेहडा, वेखंड ही द्रव्ये दोहोंकडे समान आहेत, हे खरे. परंतु या संहितेचा रचनाकाळ विवाद्य असून उपलब्ध पाठ वात्स्य या आचार्याने प्रतिसंस्कारित (पुन्हा संपादित) केलेला व खंडित आहे. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत फारशा वैद्यांच्याही हाती नसलेल्या ग्रंथातून घरगुती रीत उतरली, असे मानणे कठीण आहे. अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा व पिंपळी यांचे बालचातुर्भद्र चूर्ण मात्र अकराव्या शतकातील चक्रदत्तासारख्या प्रचारातील ग्रंथांत येते आणि त्यातील पहिली तीन द्रव्ये गुटीत सर्रास सापडतात. ग्रंथ व घर या दोघांनीही एकाच जुन्या लोकव्यवहारातून घेतले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जायफळ, बदाम, खारीक यांसारखी बाहेरून येणारी द्रव्ये व्यापारामुळे पुढे मिसळली असावीत.

मुंबईत या द्रव्यांची लेखी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागली. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधिद्रव्यांवर १८७९ मध्ये पुस्तक लिहिले, तर विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींची विस्तृत माहिती संकलित केली. मात्र बाजारात मिळणारे द्रव्य हा त्यांचा विषय होता. ते कोणत्या घरात कसे उगाळले जाई याचा तपशील आजी, सुईण आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बायका यांच्या तोंडीच राहिला. तयार संच आजही मुंबईतील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात.

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीत, कामावर जाणाऱ्या स्त्रिया मुलाला निजवण्यासाठी देत असलेली अफूयुक्त बाळागोळी ही निराळी वस्तू होय. तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या या चालीची दखल कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात घेतली आहे. गुटी आणि बाळागोळी यांची गल्लत करू नये.

पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असल्याने आधुनिक बालरोगतज्ज्ञ या वयात गुटी देऊ नये असे सांगतात. अस्वच्छ सहाणेमुळे अतिसार होऊ शकतो. वेखंडातील बीटा-असारोन हा घटक विषारी मानला जातो आणि जायफळाची मात्रा वाढल्यास मूल अतिशय सुस्त होते. मध घालून गुटी देण्याची रीत विशेष धोक्याची आहे, कारण एक वर्षाच्या आतील मुलांना मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.