झोपेची वेळ आणि जनुकं: शोधाची पार्श्वभूमी

मध्यरात्र उलटून गेली तरी डोळा लागत नाही आणि सकाळी काही केल्या उठवत नाही, अशा माणसावर आळशीपणाचा शिक्का लगेच बसतो. ही वेळ शरीर ठरवतं तरी कसं, याचा पहिला धागा हाती लागला तो फळमाश्यांमुळे.

या माश्या कोशातून साधारण पहाटे बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी रसायन देऊन माश्यांच्या जनुकांत बदल घडवले आणि वेळ चुकवणाऱ्या माश्या वेचल्या. काहींचं दैनंदिन चक्र १९ तासांचं निघालं, काहींचं २८ तासांचं, तर काहींना ताळतंत्रच नव्हतं. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. १९७१ साली हे प्रसिद्ध झालं. जनुकाचं नाव ठेवलं ‘पिरियड’. त्यापासून बनणारं प्रथिन रात्री पेशीत साठतं, केंद्रकात शिरून आपल्याच जनुकाला थोपवतं, मग विघटन पावतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. शरीरातल्या घड्याळाची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसातला पुरावा अमेरिकेतल्या युटामध्ये सापडला. तिथल्या काही कुटुंबांत लोक संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेंगायला लागत आणि पहाटे साडेचारच्या आसपास टक्क जागे होत. १९९९ मध्ये यांचा अभ्यास छापून आला. त्यांतल्या एका वयस्कर बाईंना दिवस-रात्रीचा कसलाही सुगावा लागणार नाही अशा जागी ठेवलं, तर त्यांचं चक्र सुमारे २३.३ तासांचं भरलं. ही सवय मुलांत उतरायला आई-वडिलांपैकी एकाकडून जनुकीय बदल आला तरी पुरे. २००१ मध्ये त्यांपैकी एका कुटुंबातला दोष ‘पर-२’ जनुकात, म्हणजे माश्यांच्या त्याच जनुकाच्या मानवी भावंडात सापडला. इतक्या लांबच्या दोन जीवांत हे घड्याळ टिकून राहावं, हे मला आजही थक्क करतं.

उशिरा झोप लागण्याच्या विकाराचं वर्णन १९८१ मध्येच झालं होतं, पण त्यामागचा ठोस जनुकीय बदल दिसायला २०१७ उजाडलं. ‘क्राय-१’ जनुकातल्या या बदलामुळे घड्याळाचा लगाम, म्हणजे जनुकांना थोपवून धरण्याचा टप्पा, जास्त वेळ ओढलेला राहतो आणि चक्र लांबतं. असा एकच मोठा बदल मात्र थोड्यांतच असतो. २०१९ मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या माहितीतून सकाळी ताजंतवानं असण्याशी निगडित ३५१ जनुकीय जागा पुढे आल्या. त्यांतल्या प्रत्येकीचा वाटा अगदी लहान. शिवाय वय आणि उजेडही घड्याळ पुढे-मागे ढकलतातच.