हुंड्यात लिहिलेला किल्ला आणि सही करणारी राणी

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळताना मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवतात. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, हातात कात्री. पडद्यावर हिंदीत बोलणारा कोरियन राजपुत्र. एक साधी मुलगी त्याच्याशी ठराविक मुदतीपुरतं लग्न करायला तयार झालीय आणि दोघं कागदावर अटी मांडतायत. महाल, दागिने, मेजवान्या हे सगळं अक्का खाली मान घालून नुसतं ऐकतात. कागद समोर आला की मात्र कात्री थांबते. "बघ, आता सही करती ती," म्हणतात. या कोरियन मालिकांची ओढ कशात आहे, ते मला त्या थांबलेल्या कात्रीत दिसतं.

राजघराण्यातलं लग्न मुळात करारच असायचं. हे कळायला सोलापूरकरांना कोरियापर्यंत जायला नको, आपला भुईकोटच त्याचा साक्षीदार आहे. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं होतं. किल्ला काही ताब्यात मिळाला नाही. मेहुणे-मेहुणे रणांगणात उतरले आणि पुढची कित्येक वर्षं सोलापूर या दोन घराण्यांतलं भांडण होऊन राहिलं. मग १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी विजयनगरविरुद्ध एक व्हायची वेळ आली, तेव्हा पुन्हा सोयरीकच कामाला आली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, अलीची बहीण हुसेनच्या मुलाला. चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून विजापूरकडे गेला. तीच चांदबिबी पुढे अहमदनगरच्या तटावर मोगलांविरुद्ध उभी राहिली.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून तट बघताना मला मात्र मरियम आठवते. किल्ला कुणाकडे गेला, हे सगळेच सांगतात. तिला कुणी विचारलं होतं का, हे कुणी सांगत नाही.

मराठेशाहीत खांडा पद्धतीनंही लग्नं लागत. नवरदेव स्वतः न येता त्याची तलवार यायची आणि वधूचं लग्न तिच्याशी लागायचं. मल्हारराव होळकरांच्या हरकूबाई अशाच खांडाराणी. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली गोष्ट वरवर पाहता याच्या जवळची, पण आतून अगदी उलटी आहे. तिथे मागणी मुलीची आहे. कुंभारकन्येनं संत सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा सांगितली. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायला संमती दिली. दर जानेवारीत उंच काठ्यांचे सात नंदीध्वज येतात ते त्याच लग्नाला. अक्षता पडतात ती जागाही संमती कट्टा, आणि अक्षतांच्या आधी संमतीचं वाचन होतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कोरियात १३९२ पासून जोसेन घराण्याचं राज्य होतं. राजपुत्रासाठी सून निवडायची असली की लग्नाच्या वयाच्या मुलींची लग्नं देशभर थांबवली जात आणि तीन फेऱ्यांत निवड होई. १९१० मध्ये जपाननं देश गिळला, राजेपण संपलं. ते संपलं नसतं तर, ही कल्पना धरून २००६ मध्ये 'गुंग' ही मालिका आली. आजच्या कोरियात राजवाडा आहे, आणि आजोबांनी दिलेल्या शब्दापायी शाळेत जाणारी साध्या घरची मुलगी युवराज्ञी होते. त्याच्या दोनच वर्षं आधी 'फुल हाउस' या मालिकेनं कराराचं लग्न घराघरांत नेलं होतं. महाल आणि करार हे दोन धागे नंतरच्या अनेक मालिकांत एकत्र विणले गेले.

आपल्याला हा धागा नवा नव्हताच. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी, १९५५ मध्ये, गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये वारशासाठी मधुबालाचं पैसे देऊन लग्न लावलं जातं, पुढे घटस्फोट घ्यायचा या बोलीवर. २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मधल्या घना आणि राधानं घरच्यांच्या आग्रहापायी आपापसांत करार केला. तेव्हा मालिकेच्या वेळेला आमच्या गल्लीत कुणी कुणाला फोन करायचं नाही.

आपल्याकडे लग्नाला अटी नसतात असं थोडंच आहे! तोळे, भांडी, मानपान, वऱ्हाडाची संख्या, सगळं ठरतं. पण ते बैठकीत, पुरुषांच्या तोंडी, आणि जिचं लग्न तिच्या कानावर उडत उडत येतं. या मालिकांत तीच बोलणी मुलीसमोर येतात. खोली वेगळी असेल, शिक्षण सोडणार नाही, अमुक दिवशी मी मोकळी, असं ती स्वतः लिहिते. प्रेम मागाहून येतं, आणि अटींची गरज उरलेली नसताना येतं, म्हणून खरं वाटतं. राजपुत्र हवा तो यासाठी, की समोर एवढा मोठा माणूस असूनही तिच्या अटी त्याला ऐकाव्या लागतात.

अक्कांचं लग्न ठरलं तेव्हा त्या आत चहा गाळत होत्या. बाहेरून हसण्याचा आवाज आला, त्यावरून ठरलं हे कळलं, असं त्यांनी मला एकदा पानं कापता कापता सांगितलं. काल मात्र पडद्यावरचा कागद सरकन् निघून गेला, तशा त्या चिडल्या. "मागं घे की जरा," म्हणाल्या. "तिनं काय काय लिवलंय ते बघायचंय."