स्वादुपिंडाला आराम, आणि आतड्याचा उपास

पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट ॲडमिट झाला की वॉर्डबाहेर हा संवाद ठरलेला, आई म्हणते दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही गं, आणि मामा म्हणतात अगं सलाईन चालू आहे ना. आता त्या सलाईनचा हिशोब बघा, 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये साखर 50 ग्रॅम, म्हणजे 200 कॅलरीसुद्धा भरत नाहीत, आणि 60 किलोच्या पेशंटला लागतात दिवसाला 1500 च्या वर. म्हणजे आईचंच बरोबर!

उपाशी ठेवायचे ते का, तर ट्रिप्सिन नावाचं पाचक एन्झाइम जे आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचं ते ह्या आजारात स्वादुपिंडातच कामाला लागतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला घेतं. अन्न दिलं की अजून रस सुटणार, म्हणून तोंड बंद, आणि फारच लांबलं तर टीपीएन, म्हणजे सगळं पोषण थेट शिरेतून. ऐकायला एकदम पटतं.

पण ह्यात आतड्याचे हाल होतात. त्याचं अस्तर समोरून जाणाऱ्या अन्नावरच पोसलं जातं, अन्न बंद झालं की ते झिजतं, मग आतले जंतू पलीकडे सटकतात आणि स्वादुपिंडाचा मेलेला भाग त्यांना आयताच सापडतो. 2010 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे आधीच्या ट्रायल्स एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, टीपीएनपेक्षा नळीने आतड्यात अन्न दिलेल्यांत मृत्यू, इन्फेक्शन, अवयव निकामी होणं, सगळंच कमी निघालं.

मग आल्या आल्या नळी घालायची का? तसंही नाही. 2014 साली नेदरलँड्समधली 208 पेशंटची ट्रायल छापून आली, एका गटाला 24 तासांत नळी, दुसऱ्याला 72 तासांनी तोंडाने जेवण आणि नाहीच जमलं तर नळी. मोठं इन्फेक्शन किंवा मृत्यू 30 टक्के विरुद्ध 27 टक्के, म्हणजे फरक नाहीच, वर दुसऱ्या गटातल्या 69 टक्के लोकांना नळी लागलीच नाही. आता सौम्य आजारात उलट्या थांबल्या, भूक लागली की पहिल्या 24 तासांतच खायला देतात, आणि आधी नुसतं पाणी-सूप असंही काही नाही, मऊ भात आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण चालतं, तूप मात्र नको.

आणि आतड्यासाठी म्हणून प्रोबायोटिकची, म्हणजे ‘चांगल्या’ जंतूंची पुडी घेऊन धावू नका प्लीज. 2008 ची डच ट्रायल होती, गंभीर आजाराचा अंदाज असलेल्या पेशंटची, त्यात प्रोबायोटिक दिलेल्यांत 16 टक्के दगावले, न दिलेल्यांत 6.