जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला फ्यूज बसवणे

जुना व्हॉल्व्ह रेडिओ रिस्टोर करताना मेनच्या वायरीत, आणि जमलं तर एचटीच्या (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टच्या डीसीच्या) लाइनीतही, कंपनीने मुळात न दिलेला फ्यूज टाकतात. 1940-50 च्या काळातल्या बऱ्याच घरगुती सेटमध्ये फ्यूज नसायचाच, सगळी भिस्त घरातल्या किटकॅटवर, म्हणजे मेन बोर्डावरच्या चिनी मातीच्या फ्यूजवर. आता 40-50 वॅटचा सेट 230 व्होल्टवर जेमतेम पाव अँपियर खातो, आतला फिल्टर कंडेन्सर शॉर्ट झाला की एखाद अँपियर खेचायला लागतो, आणि 5 अँपियरच्या किटकॅटला त्याचा पत्ताही लागत नाही, तोवर ट्रान्सफॉर्मर जळून डांबराचा वास घरभर. कंडेन्सर बाजारात सहज मिळतो, तसाच ट्रान्सफॉर्मर मात्र शोधत बसा नाहीतर रिवाइंड करून घ्या, म्हणून फ्यूज मुख्यतः त्याच्यासाठी.

मेनचा फ्यूज लाइव्ह वायरीत, स्विचच्या आधी. अशा सेटला साधारण अर्धा अँपियर, पण स्लो ब्लो, म्हणजे टोपीवर टी लिहिलेला. चालू करताना थंड फिलामेंट आणि ट्रान्सफॉर्मर क्षणभर जास्त करंट ओढतात, त्यात एफवाला फास्ट फ्यूज उगाच उडतो, मग लोक वैतागून 2 अँपियरचा घालतात आणि मुद्दाच संपतो. गाडीतला काचेचा फ्यूज तर नकोच, तो 32 व्होल्टचा असतो.

खरी मजा एचटी फ्यूजची. फुलवेव्ह रेक्टिफायरच्या (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटांचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सेटमध्ये तो ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅप (एचटी वाइंडिंगच्या मधोमध काढलेली वायर) आणि चॅसिसच्या (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) मध्ये टाकतात, एचटीवर 60-70 मिलीअँपियर खाणाऱ्या सेटला दीडशे-दोनशे मिलीअँपियरचा स्लो ब्लो पुरतो. कंडेन्सर शॉर्ट झाला किंवा रेक्टिफायर आतून शॉर्ट झाला तर हा पटकन जातो, मेनचा कधीकधी विचार करत बसतो. ट्रान्सफॉर्मरच आतून शॉर्ट असेल तर मात्र मेनवालाच कामाचा, म्हणून दोन्ही असलेले बरे.

एसी-डीसी सेटला ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळे फिलामेंट सिरीजमध्ये आणि चॅसिस थेट मेनला. तिथे मेनचा फ्यूज आगीपासून वाचवेल, शॉकपासून नाही, कारण माणसाला मारायला लागणारा करंट फ्यूज उडवायच्या करंटपेक्षा खूपच कमी असतो. असा सेट उघडा ठेवून काम करायचं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतोच.

वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट पहिल्यांदा लावताना फ्यूज असला तरी मेकॅनिक 60 वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब एकदा भककन पेटून मंद झाला तर ठीक, फुल पेटलेलाच राहिला तर लगेच प्लग काढायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही.