बाल कोपऱ्याचा अर्ज: वाचनालयाने काय करायचं, शाळेने काय

एक गैरसमज आधी काढून टाकू. वाचनालयात मुलांचा विभाग उभारायला अनुदान देणाऱ्या 'बाल ग्रंथालय व बाल कोपरा' या योजनेत शाळा अर्जदार नसते. अर्ज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाने करायचा असतो. दरवर्षी एखादे उत्साही मुख्याध्यापक आमच्या वाचनालयात येऊन "शाळेच्या नावाने फॉर्म मिळेल का?" असं विचारतात, आणि कार्यवाह म्हणून चहा पाजून हेच सांगायचं काम माझ्याकडे असतं. पण शाळेला या कामात स्थान नाही, असा याचा अर्थ नाही. शाळा सोबत नसेल तर बाल कोपऱ्यात चार रंगीत खुर्च्या येतात आणि त्यांवर धूळ बसते, एवढंच होतं.

योजना कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची. 1972 साली स्थापन झालेली ही संस्था केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिच्या योजना दोन प्रकारच्या: समान निधी आणि असमान निधी. समान निधीत राज्य सरकारचाही वाटा असतो, असमान निधीत तो नसतो. बाल कोपरा असमान निधीत येतो. महाराष्ट्रातले अर्ज मात्र थेट कोलकात्याला पाठवायचे नसतात. ते आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकारी कार्यालयात द्यायचे, तिथून ग्रंथालय संचालनालयामार्फत पुढे जातात. मुदतीची सूचना संचालनालय काढतं, ती वर्तमानपत्रांत आतल्या पानावर दोन इंचांत येते आणि हमखास नजरेतून सुटते. म्हणून जिल्हा कार्यालयात अधूनमधून फोन करत राहावं. अर्जाचा नमुना प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर असतो. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत भरावा लागतो, मराठीत चालत नाही, आणि प्रती चार लागतात.

पात्रतेची मुख्य अट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खालची मान्यता. आपलं वाचनालय अ, ब, क किंवा ड यांपैकी कोणत्या वर्गात आहे, हे मान्यतेच्या पत्रावर असतं. पत्र सापडत नसेल तर जिल्हा कार्यालयाकडून प्रत मिळवावी. वार्षिक अहवाल आणि हिशेबाची तपासणी थकलेली असेल तर अर्जाच्या आधी ती पूर्ण करा.

खरी मेहनत कागदपत्रांत असते. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारी मंडळाची यादी, सनदी लेखापालाने तपासलेले मागच्या वर्षांचे हिशेब, वार्षिक अहवाल, अर्ज करण्याचा ठराव, जागेचा पुरावा, घ्यायच्या वस्तूंची दरपत्रकं आणि बँकेचा तपशील ही साधारण जुळणी. अंतिम यादी त्या वर्षीच्या नमुन्यात असते, तीच प्रमाण मानायची. स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांकही काढून ठेवलेला बरा, केंद्राच्या अनुदानाला तो बऱ्याचदा विचारला जातो.

आता अडतं कुठे ते सांगतो. आमचा पहिला अर्ज परत आला तो एका शब्दासाठी. नोंदणी प्रमाणपत्रावर 'सार्वजनिक वाचनालय', पासबुकावर 'सार्वजनिक ग्रंथालय'. वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बँकेत नाव दुरुस्त करून घेईपर्यंत मुदत गेली. दुसरी अडचण याहून जुनी: विश्वस्त बदलले, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिलाच नाही, किंवा दिला आणि तो पडून आहे. बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. तो मंजूर नसेल तर परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर स्वर्गवासी झालेले अध्यक्ष अजून अध्यक्षच असतात, आणि अर्जावर सही भलत्याचीच. अर्ज करायचा विचार मनात आला की पहिल्याच दिवशी हा उतारा काढून आपल्या यादीशी ताडून पाहा. दरपत्रकंही नीट वाचावीत. 'बालफर्निचर संच' असं मोघम लिहून आणू नका. टेबल किती, किती उंचीचं, रॅक किती, सगळं स्वतंत्र लिहून घ्या.

अर्जासोबत शाळांचं संमतिपत्र जोडा, नमुन्यात मागितलेलं नसलं तरी. कोपरा कुणासाठी हवा आहे, हे त्यातून दिसतं. शाळेने तीन गोष्टी करायच्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेऊन ठराव करायचा. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. आणि मुलं शाळेबाहेर न्यायची असल्याने पालकांची लेखी संमती घ्यायची. वाचनालय आणि शाळा यांच्यातला करार साध्या कागदावर, एका पानाचा पुरतो: कोणता वर्ग, कोणत्या वारी, किती वाजता, सोबत कोणते शिक्षक, पुस्तक हरवलं तर काय. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, त्यावर असू द्या. धोरणाचा आधार विचारला गेला तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 मध्ये शालेय आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार करण्याचं म्हटलंय. पुस्तकांसाठी सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानात 5 हजार ते 20 हजारांपर्यंतचं वार्षिक ग्रंथालय अनुदान आहेच. ते शाळेचं, शाळेतच खर्चायचं, त्याची वाचनालयाच्या हिशेबात सरमिसळ नको.

अर्जात 'घ्यायचे उपक्रम' या विषयावर बहुतेक जण 'वाचन संस्कृती रुजवणे' लिहून मोकळे होतात. त्याऐवजी माहिती साक्षरतेचे, म्हणजे माहिती शोधून पडताळून पाहायला शिकवणारे, ठोस तास लिहा. आमच्याकडे सातवीचा तास कसा होतो ते सांगतो. प्रत्येक गटाला एकच प्रश्न: 'ज्ञ'ने सुरू होणारा शब्द शब्दकोशात कुठे शोधाल? वर्णमालेच्या तक्त्यात तो शेवटी, म्हणून मुलं शेवटची पानं उघडतात. एका कोशात सापडतो, दुसऱ्यात सापडत नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तो 'ज'च्या पोटात बसलेला असतो. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पुस्तकसुद्धा आपापल्या पद्धतीने सांगतं." त्या दिवशी मला पुढचं काही शिकवावं लागलं नाही.

मग ग्रंथपाल मॅडम कपाटाकडे नेतात. विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात पक्ष्यांची पुस्तकं 598 या अंकाखाली का, हे सांगतात. मुलं पुस्तकाच्या पाठीवरचा अंक वाचून रॅक शोधतात. त्यानंतर मोबाइलवर आलेला एखादा संदेश घ्यायचा, उदाहरणार्थ एखाद्या किल्ल्याची उंची किंवा एखाद्या नेत्याचं वाक्य, आणि तोच मुद्दा मराठी विश्वकोशात आणि आणखी एका पुस्तकात पाहायचा. तिन्ही ठिकाणी काय लिहिलंय ते वहीत तीन रकान्यांत. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं हे तीन प्रश्न फळ्यावर कायम. शिक्षकांनी इथे वर्गातल्यासारखं उत्तर सांगायची घाई करू नये. ही सवय मोडायला आम्हाला एक सत्र लागलं. काही शिक्षक अजूनही उत्तर पुटपुटतातच.

वर्षाचा आराखडा मांडताना 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन घ्या, पण त्यावर भर नको. फोटो काढून होणाऱ्या कार्यक्रमापेक्षा दर पंधरवड्याची हजेरीवही जास्त वजनाची. तारीख, वर्ग, मुलांची संख्या, त्या तासाचा प्रश्न आणि शिक्षकांची सही, एवढे रकाने पुरतात. हीच वही पुढे वार्षिक अहवालात उपयोगी पडते.

निधी मंजूर झाला की तो मंजुरीपत्रात लिहिलेल्या कामावरच खर्च करायचा. बाल कोपऱ्याच्या पैशातून ऑफिसचा पंखा घेतला की लेखापरीक्षणात तो पंखा अनेक वर्षं फिरत राहतो. बिलं संस्थेच्या नावाने, रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून, वस्तू साठा नोंदवहीत चढवलेल्या, आणि शेवटी निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं सनदी लेखापालाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र. ते वेळेत दिलं नाही तर पुढचा प्रस्ताव टेबलावरच अडकतो. बिलांच्या झेरॉक्स काढून जिल्हा कार्यालयाची पोच घ्या आणि ती पोच फायलीत सर्वांत वर लावा, कारण पुढच्या वर्षी पहिल्यांदा तीच विचारतात.