दंगल जिथे झाली नाही, तिथे नेमकं काय होतं?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलीत मुंबई कशी पेटली होती हे ज्यांनी पाहिलंय ते अजून विसरलेले नाहीत, दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवलेत. पण त्याच दिवसांत ठाण्याच्या पलीकडे, यंत्रमागांचं भिवंडी शांत राहिलं. हे तेच भिवंडी जे १९७० मध्ये पेटलं होतं आणि १९८४ मध्ये परत पेटलं होतं, म्हणजे कुणी पैज लावली असती तर ९२ मध्ये सगळ्यात आधी भिवंडीचंच नाव घेतलं असतं. मग झालं काय?

आपण दंगलीबद्दल बोलतो तेव्हा नेहमी एकच विचारतो, का झाली? आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने (अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात शिकवतात) प्रश्न उलटा केला. दंगल जिथे होत नाही तिथे का होत नाही? मला हा बदल फार मोठा वाटतो. डॉक्टर नुसते आजारीच लोक तपासत बसला तर आजाराचं कारण कधीच पक्कं कळणार नाही, कारण जे कारण त्याला वाटतंय ते निरोगी माणसातही असू शकतं ना! तुलनेला निरोगी माणूस पाहिजेच.

आधी मोजणी. वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन (हेही राज्यशास्त्रज्ञच) या दोघांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीतून १९५० ते १९९५ या ४६ वर्षांतल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बातम्या काढल्या, कुठे झाली, किती मेले, सगळं. त्यातून जे निघालं ते आपल्या समजुतीला धक्का देणारं आहे. खेड्यांत झालेले मृत्यू ४ टक्क्यांपेक्षाही कमी, आणि त्या काळात देशातले बहुतेक लोक खेड्यातच राहत होते. म्हणजे ही गोष्ट शहरांची. आणि सगळ्या शहरांचीही नाही, फक्त आठ शहरांत मिळून जवळपास ४६ टक्के मृत्यू, अहमदाबाद, मुंबई, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता, दिल्ली. या आठ शहरांत शहरी लोकसंख्येपैकी साधारण १८ टक्केच लोक राहायचे. राहिलेले ८२ टक्के शहरी लोक जिथे राहायचे ती शहरं अशी परत परत पेटणारी नव्हती. म्हणजे 'दोन धर्म शेजारी राहिले की भांडणारच' हे म्हणणं आकड्यांसमोर टिकत नाही, पण त्याचबरोबर काही शहरं परत परत का पेटतात हेही सांगावं लागतं.

म्हणून वार्ष्णेयांनी शहरांच्या जोड्या लावल्या. एक पेटणारं, एक शांत, आणि दोन्हीत मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, म्हणजे नुसत्या टक्केवारीला दोष देता येणार नाही. अलिगढ आणि केरळमधलं कालिकत (म्हणजे कोझिकोड), हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. मग तिथे जाऊन लोकांशी बोलले, जुनी कागदपत्रं काढली, सर्व्हे केला.

अलिगढ-कालिकत ही जोडी सगळ्यात बोलकी आहे. दोन्हीकडे मुस्लिम ३६-३८ टक्के. कालिकतमध्ये साधारण ८३ टक्के लोकांनी सांगितलं की दोन्ही धर्मांचे लोक कार्यक्रमांत वगैरे बऱ्याचदा एकत्र जेवतात, अलिगढमध्ये ५४ टक्के. मुलं एकमेकांत खेळतात असं सांगणारे कालिकतमध्ये ९० टक्के, अलिगढमध्ये ४२. मुलांचा हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण मुलं कुणाशी खेळतात हे मुलं नाही ठरवत, घरातली मोठी माणसं ठरवतात.

आता इथे बहुतेक जण म्हणतील की झालं तर मग, शेजारधर्म पाळा, सणाला एकमेकांकडे जा, प्रश्न सुटला. पण वार्ष्णेय इथे थांबत नाहीत आणि माझ्या मते त्यांच्या कामाचा खरा गाभा पुढेच आहे. ते सांगतात की रोजची ओळखदेख चांगली, पण ती खेड्यात पुरते, शहरात नाही. आणि त्याचं कारण साधं गणित आहे. १०० माणसांच्या वस्तीत प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखायचं तर ४,९५० ओळखी लागतात. जमण्यासारखं आहे. १,००० माणसं झाली की ४,९९,५००. आणि एक लाखाचं शहर असेल तर जवळजवळ ५०० कोटी! माणसं हजारपट झाली पण ओळखी दहा लाखपट लागतात, एवढं ओळखणं कुणालाच शक्य नाही. मग शहरात अनोळखी माणसांना जोडणार कोण? संघटना. व्यापारी संघ, युनियन, वाचनालय, क्लब, डॉक्टर-वकिलांच्या असोसिएशन, आणि अट एकच, त्यात दोन्ही धर्मांची माणसं एकत्र असली पाहिजेत. शंभर जणांची संघटना असली की तिचे दोन पदाधिकारी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या तशाच संघटनेतल्या दोघांना ओळखत असले, तेवढ्याने दोनशे माणसं जोडली जातात.

कालिकतला अशा संघटनांचं वेडच आहे म्हणा ना, व्यापाऱ्यांच्या आहेत, हमालांच्या आहेत, रिक्षा ओढणाऱ्यांच्या आहेत, नाटक-सिनेमावाल्यांच्या आहेत. अलिगढमध्ये कुलूप बनवणाऱ्यांचा मोठा धंदा, पण व्यापाऱ्यांची संघटना धर्माच्या रेषेवर फुटली. मग अयोध्येच्या वातावरणात अफवा आली की कालिकतमध्ये शांतता कमिटीतल्या माणसाला फोन करून खरंखोटं करता यायचं, समोरच्या बाजूला विश्वासाचं माणूस होतं. अलिगढमध्येही मोहल्ल्यात रात्रीचे पहारे होते, माणसं जागत होती, पण आपापल्या धर्माची, आपापल्या गल्लीपुरती. त्यामुळे अफवा थांबायच्या ऐवजी पहाऱ्यावरच फिरायच्या.

लखनौमध्ये चिकनकारीचे (कपड्यावरच्या भरतकामाचे) व्यापारी बरेचसे हिंदू आणि कारागीर बरेचसे मुस्लिम, एक बसला तर दुसऱ्याचंही काम बसतं. सुरतचं उदाहरण तर मला सगळ्यात पटणारं वाटतं, कारण ते एकाच शहराच्या आत आहे. ९२ मध्ये सुरतमध्ये भयंकर हिंसा झाली, पण मुख्यतः बाहेरून कामाला आलेल्यांच्या झोपडवस्त्यांत. जुन्या शहरात, जिथे व्यापारी संघटनांचं जाळं होतं, तिथे बऱ्यापैकी शांतता राहिली.

सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. दंगलींचाच अभ्यास केलेले अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांचं म्हणणं की दंगल घडवणाऱ्या लोकांची स्वतःची एक तयार यंत्रणा असते, ती बघितल्याशिवाय काही कळणार नाही. आणि ज्यांच्यासोबत आकडे गोळा केले त्याच विल्किन्सन यांनी नंतर वेगळं मांडलं, की राज्य सरकारला अल्पसंख्याकांची मतं हवी असतील तर पोलीस दंगल आवरतात, नको असतील तर आवरत नाहीत. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. चार संघटना उभ्या असल्या तरी पोलिसांनीच हात बांधून घेतले तर त्या किती तग धरणार?

आणि म्हणूनच भिवंडी मला इतकी महत्त्वाची वाटते, वार्ष्णेयांनीही तिची दखल घेतलीय. कारण कालिकतचं जाळं विणायला कित्येक दशकं लागली, तेवढा वेळ कुणाकडे आहे? भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हे जाळं सरकारी नोकरीत बसून, काही वर्षांत विणलं. सत्तरेक मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्ही धर्मांची माणसं, आणि पुढारी गोळा करायच्या ऐवजी वस्तीतली साधी माणसं. नेहमीची शांतता कमिटी कशी असते, सण आला किंवा तणाव झाला की पोलीस स्टेशनला बोलावणं येतं, चहा होतो, भाषणं होतात, संपलं. या कमिट्या वर्षभर बसायच्या, किरकोळ भांडणं मिटवायच्या, आणि पोलीसही त्यात बसायचे, म्हणजे विल्किन्सन ज्या पोलिसांबद्दल बोलतात तेच इथे जाळ्याचा एक धागा झाले. भांडण नळाचं असो की रस्त्याचं, ते सोडवता सोडवता माणसांना एकमेकांची नावं पाठ झाली. ६ डिसेंबर १९९२ उजाडला आणि बाबरी मशीद पडली तेव्हा कुणाला गाठायचं हे दोन्हीकडच्यांना आधीपासून माहीत होतं.

दंगलीनंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या, पोलीस आयुक्त राहिलेले ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशा माणसांनी त्यात जीव ओतला. त्यांनी वस्त्यांमधल्या पोरांच्या क्रिकेट मॅचेस भरवल्या, आणि त्या मैदानात पोलीसही खेळायला उतरले.